नियम यंत्राचा नको, खड्ड्याचा करा: सार्वजनिक उद्यानांच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या हिरव्या जागांचे नियम ठरवणारे अधिकारी व समिती सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेली अकरा वर्षं मी फावल्या वेळात मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीत हरवलेल्या वस्तू शोधते. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, हा निव्वळ छंद. आपल्या अखत्यारीतल्या बागा आणि मैदानं ही माझ्यासारख्यांना सगळ्यात जवळची जमीन. आणि नेमक्या याच जमिनीबद्दल नियम काय आहे, ते बहुतेक ठिकाणी कुणालाच धड सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण प्रश्न एका कार्यालयापुरता नाही. जिथे जिथे सार्वजनिक हिरवळ आहे आणि तिच्यावर कुणीतरी यंत्र फिरवत चाललं आहे, तिथे तो आहेच.

एका बागेपासून सुरुवात करते. फाटकाजवळ फलक होता, ‘परवानगीशिवाय खोदकाम करू नये’. वाक्य चांगलं आहे, मला मान्यही आहे. पण परवानगी द्यायची कुणी? रखवालदाराने कार्यालयाकडे बोट दाखवलं, कार्यालयाने वरच्या विभागाकडे, आणि वरच्या विभागात सांगितलं की अशा अर्जाचा नमुनाच नाही. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. काय शोधते, कोणती हत्यारं वापरते, खड्डा कसा बुजवते, सापडलेल्या वस्तूंचं काय करते, सगळं सविस्तर. पोच घेतली. दोनदा स्मरणपत्र दिलं. उत्तर आलं नाही. ‘नाही’ म्हणाले असते तरी चाललं असतं, निदान कारण कळलं असतं. तेव्हापासून त्या बागेत मी यंत्र नेलेलं नाही.

पण तिथे यंत्र फिरायचं थांबलं का? पुढच्याच वर्षी एकदा सकाळी मी नुसतीच चालायला गेले होते. तिथले माळीकाका मला ओळखत. काही न बोलता ते मला मागच्या हिरवळीकडे घेऊन गेले. ओळीने नऊ खड्डे. प्रत्येक ताटाएवढा, फावड्याने सरळ उपसलेला. मातीचे ढीग शेजारी तसेच पडलेले, उपटलेलं गवत उलटं होऊन वाळत चाललेलं. एक खड्डा जुन्या झाडाच्या बुंध्यापासून दोन हातांवर होता. त्यात अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं छाटलेलं दिसत होतं. कापलेली बाजू अजून पांढरी होती, ओली होती. काठावर शीतपेयाचा डबा ओढून उघडायची पत्र्याची चावी पिळलेली पडलेली. तिच्यासाठी ते मूळ तुटलं होतं. काका म्हणाले, “ताई, तुम्ही हे केलेलं नाही, मला माहीत आहे. पण उद्या साहेब येतील, त्यांना मी काय सांगू?”

तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. फलक होता, खोदकामाला मनाई होती, तरी खड्डे पडले. जी व्यक्ती परवानगी मागत होती ती घरी बसली. ज्याने ती कधी मागितलीच नव्हती तो अंधारात येऊन गेला. असा नियम हिरवळीला वाचवत नाही. विचारून वागणाऱ्यांना तेवढा तो दूर ठेवतो.

आता या यंत्राबद्दल थोडं सांगते. नियम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते हातात धरलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. दांड्याच्या खालच्या टोकाला जी चकती असते तिच्यात तारेची वेटोळी असतात. तिला आम्ही कॉइल म्हणतो. तिच्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला तर त्यात क्षणिक वीजप्रवाह फिरू लागतो, त्या प्रवाहाचं स्वतःचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि यंत्र ते टिपतं. प्रतिसाद किती उशिरा आणि किती जोरात आला यावरून लोखंड की दुसरं काही, याचा अंदाज येतो. तो अंदाजच असतो. पातळ सोन्याची अंगठी, डब्याची चावी आणि चुरगळलेली चंदेरी वेष्टनं यांचे आकडे पडद्यावर एकमेकांना इतके लागून येतात की वर्षानुवर्षं कान तयार झालेला माणूसही खात्री देऊ शकत नाही. उकरून बघावंच लागतं.

ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच एक उपकरण घाईने तयार केलं होतं. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाला चकवलं, आणि डॉक्टरांनी तपासायला दिली तीही चुकीची बाजू. धातू आहे एवढं यंत्र सांगतं. तो कशाचा आणि किती मोलाचा, हे सांगत नाही.

यातून नियमाच्या दृष्टीने एक सरळ गोष्ट निघते. बागेत यंत्र घेऊन येणारा माणूस एका सकाळी वीस-पंचवीस ठिकाणी उकरणार, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी त्याला कचरा मिळणार: बुचं, डब्यांच्या चाव्या, खिळे, तारेचे तुकडे, वेष्टनं. यंत्र जमिनीवरून फिरतं तेव्हा गवताचं पातंही मोडत नाही. नुकसान व्हायचं ते उकरताना होतं, आणि वस्तू खिशात गेल्यावर होतं. तेव्हा आपला नियम या दोन क्षणांचा असू द्या. खड्डा कसा काढला, कसा बुजवला, आणि त्यातून जे निघालं त्याचं पुढे काय झालं.

पहिल्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यात मतभेदाला जागा फार कमी आहे आणि शिकण्यासारखं खूप आहे. माझ्याकडे टोकाशी चिमटीएवढं एक छोटं शोधक यंत्र आहे, पिनपॉइंटर. आधी त्याने नेमकी जागा पक्की करायची. मग अरुंद पात्याच्या खुरप्याने तीन बाजूंनी चीर द्यायची. चौथी बाजू जोडलेली ठेवायची, दाराच्या बिजागरीसारखी. तळहाताएवढं गवताचं झाकण मुळांसकट आणि मातीसकट उलटायचं. खालची माती हिरवळीवर टाकायची नाही, शेजारी अंथरलेल्या फडक्यावर घ्यायची. वस्तू निघाली की त्या जागी पुन्हा यंत्र फिरवून बघायचं. बऱ्याचदा खाली आणखी काहीतरी असतं, आणि न बघता बुजवलं तर तिथे दुसरं भोक पाडायची वेळ येते. मग फडक्यावरची माती सगळीच्या सगळी परत ओतायची, झाकण मिटवायचं आणि पावलाने चारी बाजूंनी दाबायचं. कडेला फट राहिली तर तिथून मुळं वाळतात. नीट केलं तर दोन पावलं मागे सरल्यावर जागा माझी मलाच ओळखू येत नाही. गोलाकार कापून सबंध ढेप बाहेर काढली तर मात्र ती चारी बाजूंनी सुटी होते, आठवड्यात पिवळी पडते, आणि पक्षी किडे शोधताना तीच आधी उपसून टाकतात.

हे शिकायला मला अर्धा दिवस लागला होता. तेव्हा परवाना देण्याआधी अर्जदाराकडून आपल्या माळ्यासमोर अशी तीन झाकणं काढून घ्या आणि परत लावून घ्या. दहा दिवसांनी माळ्याने जाऊन बघावं. तिन्ही हिरवी असली तर परवाना द्यावा, नाहीतर पुन्हा शिकून यायला सांगावं. कागदावरच्या हमीपत्रापेक्षा ही परीक्षा खरी आहे, आणि ज्याची मेहनत त्या हिरवळीत गेली आहे त्याच माणसाच्या हातात ती राहते. फावडं, कुदळ, पहार यांना सरसकट मनाई असावी. कडक उन्हाळ्यात, जमीन तडकलेली असताना, हिरवळीवर उकरणं पूर्ण बंद ठेवावं. त्या दिवसांत कितीही नीट लावलेलं झाकण जगत नाही. जमीन पावसाने चिखल झाली असेल तरी तेच.

खोलीचंही बंधन हवं. माझी सूचना १५ सेंटिमीटरची आहे, आणि तो आकडा हवेतून काढलेला नाही. चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर काम करताना एका कुरणात १८४२ साली खडूचे तुकडे पसरवले होते. २९ वर्षांनी तिथे चर खणला, तेव्हा ती पांढरी रेघ सात इंचांवर, म्हणजे जवळपास १८ सेंटिमीटर खाली सापडली. गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहतात आणि वरच्या वस्तू हळूहळू खाली बसत जातात. सगळ्या जमिनी सारख्या नसतात. रेताड, मुरमाड किंवा भर घातलेल्या जागेत हा हिशोब बदलतो. तरी जिवंत, गवताळ मातीत वरचा एवढा थर साधारणपणे आपल्या आणि आपल्या आईवडिलांच्या काळचा असतो, असं मानायला हरकत नाही. हरवलेल्या किल्ल्या, अंगठ्या, सुटी नाणी याच थरात असतात. छंदासाठी तेवढा पुरे. त्याखाली यंत्र वाजलं तर वाजू द्यावं. साधं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीस ते तीस सेंटिमीटरवरही ऐकतं, हे खरं. पण ऐकू आलं म्हणून उकरलंच पाहिजे असं नाही.

माझ्या काही सोबत्यांना ही खोली फार कमी वाटेल. त्यांच्यासाठी माझी स्वतःचीच एक चूक सांगते.

छंदाच्या पहिल्या वर्षी, एका पडीक जागेत, कोपरभर खोल उकरून मी पट्ट्याचं एक बक्कल काढलं. हिरवट पडलेलं, जड. मागच्या बाजूला काहीतरी तपकिरी, खरखरीत चिकटलेलं होतं. मला तो चिखल वाटला. घरी येऊन कोमट पाण्यात भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं आणि चकचकीत केलं. दीड-दोन वर्षांनी जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या एका बाईंना ते दाखवलं. त्यांनी भिंगाखाली धरलं, कडेच्या एका खाचेत उरलेले चार-पाच तंतू मला दाखवले आणि विचारलं, “बाकीचं कापड कुठे आहे?” तांबं गंजताना त्याचे क्षार शेजारच्या कापडात उतरतात, आणि एरवी कधीच कुजून गेलं असतं ते कापड धातूला चिकटून टिकतं. विणकाम कसलं होतं, सूत कुठलं होतं, हे त्या तंतूंवरून वाचता आलं असतं. ते मी मोरीत वाहून घालवलं होतं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, हे नेमकं कुठे मिळालं, किती खोल, शेजारी काय होतं? मला जागा सांगता आली नाही. आठवतच नव्हती. ते बक्कल अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्यावरून आता कुणालाच काहीही कळणार नाही.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणात जर्मनीत घडली. नेब्राजवळच्या टेकडीवर १९९९ मध्ये दोघांनी विनापरवाना यंत्र फिरवून ब्राँझची एक तबकडी उकरली, तिच्यावर सोन्याच्या पत्र्यात सूर्य, चंद्रकोर आणि तारे बसवलेले. उकरताना तिला हत्याराचा घाव बसला. नंतर ती हातोहात विकली जात राहिली आणि २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पोलिसांनी सापळा रचून ताब्यात घेतली. सर्वसाधारणपणे ती इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराची मानली जाते. पण ती अभ्यासकांच्या हातून जमिनीतून निघाली नव्हती, म्हणून २०२० मध्येही तिच्या जागेवरून आणि काळावरून विद्वानांत जाहीर वाद झाला. वस्तू वाचली, पण ती कुठे, कशाशेजारी होती याचा पुरावा हातचा गेला.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही आहे, आणि तेही याच यंत्राचं. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणभूमीवर १९८३ साली वणवा लागला आणि गवत जळून गेलं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन ते मैदान ओळीओळीने तपासलं. प्रत्येक गोळीला, प्रत्येक काडतुसाला निशाण लावलं, जागा मोजली, मगच उचललं. काडतुसाच्या पुंगळीवर बंदुकीच्या आघात-पिनेची (फायरिंग पिनची) खूण उमटलेली असते, ती प्रत्येक बंदुकीची वेगळी. त्यावरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे गेली हे नकाशावर मांडता आलं, आणि शंभर वर्षं सांगितल्या जाणाऱ्या लढाईच्या हकिकती तपासून घेता आल्या. यंत्र तेच, छंदी माणसंही तीच. फरक पडला तो जागेच्या नोंदीमुळे.

तेव्हा दुसरा नियम सापडलेल्या वस्तूचा. देशोदेशी याची उत्तरं फार वेगवेगळी दिली गेली आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. आयर्लंडमध्ये १९८७ च्या कायद्यापासून पुरातन वस्तूंच्या शोधासाठी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तर डिटेक्टर जवळ बाळगायलाही मनाई आहे, आणि १९७९ च्या तिथल्या संघीय कायद्यात सरकारी जमिनीवरची शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय उचलणं हा अपराध आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे, त्याप्रमाणे जमिनीत दडलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. डेन्मार्कने वेगळी वाट धरली. तिथे संरक्षित स्थळं सोडून, जमीनमालकाच्या संमतीने शोध घेता येतो, पण मोलाचं जे निघेल ते राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावंच लागतं आणि देणाऱ्याला मोबदला मिळतो. या प्रथेची मुळं डेन्मार्कच्याच युटलंड प्रांताच्या १२४१ च्या कायद्यापर्यंत जातात. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार ‘ठेवा’ या व्याख्येत बसणारी वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते. त्याच्या जोडीला १९९७ पासून स्वेच्छेने नोंदणी करण्याची एक योजना सुरू झाली, तिच्यात आजवर दहा लाखांहून कितीतरी जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. मोडक्या पिना, बटणं, बक्कलं, एकेकटी नाणी. यातलं पुष्कळसं लोकांनी आपणहून आणून दाखवलं.

पण कळवायला जागा असूनही न कळवणारे निघतात, हेही लपवत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यात दोघांना जुन्या नाण्यांचा आणि दागिन्यांचा मोठा साठा मिळाला आणि त्यांनी तो दडवला. अंदाज सुमारे ३०० नाण्यांचा आहे. हाती लागली ती तीसेक. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, पण उरलेली नाणी आणि त्यांनी सांगितला असता तो इतिहास परत आला नाही. अशांना शिक्षा कडक हवी, परवाना कायमचा रद्द व्हायला हवा. यात मी कुणाचीही बाजू घेणार नाही.

आपल्या उद्यानांसाठी एवढा मोठा कायदा लिहायची गरज नाही. दोन गोष्टी पुरतात. शंभर वर्षांहून जुनी वाटणारी कुठलीही वस्तू, किंवा एकाच जागी निघालेल्या तीन-चार सारख्या वस्तू दिसल्या की उकरणं तिथेच थांबवायचं, घासायचं नाही, पुसायचं नाही, जागेचा फोटो आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि कळवायचं. हाडं दिसली तरी तेच. दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे. कळवायचं कुणाला, त्या माणसाचं पद आणि फोन क्रमांक परवान्याच्या मागेच छापा. मी हे पुन्हा पुन्हा सांगते आहे, कारण मी स्वतः ते भोगलं आहे. कळवायला जागाच नसली की प्रामाणिक माणूसही वस्तू घरी नेतो, ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. पहिल्या वर्षी मला असा एक क्रमांक माहीत असता, तर ते बक्कल कदाचित मोरीपर्यंत गेलं नसतं.

किल्ल्या, अंगठ्या, नाव कोरलेल्या वस्तू यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा मालक जिवंत आहे, कदाचित रोज त्याच वाटेने चालतो आहे. त्या त्याच दिवशी उद्यानाच्या कार्यालयात जमा व्हाव्यात आणि वहीत नोंद व्हावी. एका बाईंची लग्नातली अंगठी मुलांच्या घसरगुंडीखालच्या वाळूत पडली होती. चार महिन्यांनी ती मला बोटभर खोलीवर मिळाली. त्या घ्यायला आल्या तेव्हा अंगठी बोटात घालून कितीतरी वेळ नुसत्या वाळूकडे बघत उभ्या होत्या. ही वाळूची मैदानं, खेळण्यांखालचा लाकडाचा भुसा, नवीन भर घातलेल्या जागा, पायवाटांच्या कडा इथे तर कसलीच हानी होत नाही. उलट मुलांच्या पायाखालचे खिळे आणि पत्र्याचे तुकडे निघतात. नवख्या परवानाधारकाला पहिलं वर्षभर फक्त एवढ्याच जागा द्या, असंही मी सुचवेन. आणि उकरून निघालेला सगळा कचरा सोबत न्यायचा, ही अट सगळ्यांना सारखीच.

मनाईच्या जागा नकाशावर लाल रंगात दाखवाव्यात, आणि त्यांच्याबद्दल तडजोड नको. स्मारकांचा परिसर, दफनाच्या जागा, जुन्या इमारतींचे अवशेष, पुरातत्त्व खात्याने ज्याच्याबद्दल नुसती शंका व्यक्त केली आहे असा प्रत्येक तुकडा. रानफुलांची राखलेली कुरणं. झाडाच्या फांद्यांचा पसारा जिथवर जातो तिथवरची सगळी जमीन, कारण झाडाला अन्नपाणी पोचवणारी बारीक मुळं खोल नसतात, वरच्या हात-दीड हातातच पसरलेली असतात. त्या नऊ खड्ड्यांतलं एक छाटलेलं मूळ मी विसरलेली नाही. दिव्यांच्या खांबांजवळ आणि पाण्याच्या फवाऱ्यांजवळही मनाई हवी, तिथे वीजवाहिन्या आणि नळ कधी कधी अगदी उथळ गेलेले असतात. जिथे पूर्वी लढाया झाल्या किंवा बॉम्बहल्ले झाले, तिथल्या बागांत न फुटलेला दारूगोळा आजही निघतो. तशी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, तिथून दूर व्हायचं आणि पोलिसांना फोन करायचा, हे परवान्यावर ठळक अक्षरांत हवं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. हेडफोन सक्तीचे असावेत, म्हणजे बाकावर बसलेल्यांना यंत्राची पीं-पीं ऐकावी लागणार नाही. वेळ उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. परवाना गळ्यात दिसेल असा. न्यूयॉर्क शहराचा उद्यान विभाग डिटेक्टरसाठी परवाना देतो. हे जमवता येतं.

पुरातत्त्वाच्या क्षेत्रातल्या काहींना संपूर्ण बंदी हवी असते, हे मला माहीत आहे. त्यांचा राग मी समजू शकते, मीही कापड धुऊन टाकलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं की छंदी माणसाला एकदा जमीन मोकळी केली की तो थांबत नाही. पण बंदी पाळली जाते की नाही हे बघायला रात्रभर राखण लागते, आणि एवढी माणसं आपल्याकडे नाहीत. परवानाधारक मात्र दिवसाउजेडी तिथे असतो. उघडे खड्डे त्याला आधी दिसतात, अनोळखी माणूस फावडं घेऊन आला तर त्याला कळतं. तो माळीकाकांच्या बाजूने उभा राहू शकतो, कारण त्याचा स्वतःचा परवाना पणाला लागलेला असतो. त्या सकाळी मी काकांच्या शेजारी उभी होते, पण माझ्याकडे कसलाच कागद नव्हता. मी बोलले असते तर उलट संशय माझ्यावरच आला असता.

माझी विनंती एवढीच. एक बाग निवडा, फार मोठी नको. तिचा नकाशा करा, लाल जागा आखा, दहा जणांना वर्षभराचा परवाना द्या, आणि वर्ष संपल्यावर हिरवळीची पाहणी माळ्यांकडून करून घ्या, नोंदवही पुरातत्त्वाच्या जाणकारांना दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर बंद करा, मी मान्य करीन.

झाकण कसं काढायचं आणि कसं लावायचं हे दाखवायला मी बोलवाल त्या सकाळी येईन. खुरपं आणि फडकं माझं मी आणीन. माळ्यांपैकी कुणीतरी सोबत असावं, आणि दहा दिवसांनी ती जागा त्यांनीच बघावी.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
परवान्याच्या प्रतीक्षेत असलेली एक छंदी शोधक